आकाश निरभ्र, दिसलं नाही

त्या बुधवारी लक्षात ठेवावं असं काहीच घडलं नव्हतं. कौमुदीने जपानमधल्या आपल्या घराजवळच्या कसाई स्टेशनवर पहाटे पाचची गाडी पकडली, कायाबाचोला बदलली, आकिहाबाराला पुन्हा बदलली, आणि त्सुकुबाच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून काचेला डोकं टेकून पाऊण तास झोपली. शेजारच्या गृहस्थाच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पुढे कित्येक महिने तिने हा दिवस पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला, शिवलेल्या कपड्यात सुई राहिली असेल म्हणून चाचपावं तसा, आणि दर वेळी पहिल्यांदा हाताशी आला तो हा वास. मग बसथांब्यावरची थंडी. मग नियंत्रण कक्षाबाहेरचं कपाट, ज्यात फोन ठेवून आत जायचं असा नियम होता. ठेवण्यापूर्वी तिने फोनकडे पाहिलंही नव्हतं. पाहायचं कारण नव्हतं. बाबांना वेळ तिने आदल्या संध्याकाळीच कळवली होती.

कावासाकीच्या ज्या कंपनीत ती अकरा वर्षं होती, तिने अंतराळ स्थानकावरच्या एका प्रयोगाचं यंत्र बनवलं होतं, आणि प्रयोग चालू असला की कंपनीची चार माणसं आळीपाळीने त्सुकुबाच्या अंतराळ केंद्रात येऊन बसत. प्रयोग ऐकायला साधा होता. समोरासमोर दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये सिलिकोन तेलाचा खांब. भांडं नाही, नळी नाही. तेल आपल्याच पृष्ठताणावर दोन्ही चकत्यांना धरून उभं. जमिनीवर असा खांब काही मिलिमीटरांच्या वर टिकत नाही, स्वतःच्या वजनाने त्याचं पोट सुटतं आणि तो ओघळतो. वर, चारशे किलोमीटरवर, तो सहा सेंटिमीटर लांब होई. मग एक चकती तापवायची, दुसरी थंड ठेवायची, आणि तेल आतल्या आत फिरू लागलं की ते संथ फिरणं नेमकं कधी थरथरायला लागतं ते पाहायचं. पण त्याला धक्का सोसत नसे. स्थानकावर कुणी व्यायाम केला, कुणी भिंतीला पाय लावून स्वतःला पुढे ढकललं, तरी खांब डुलू लागे आणि कधीकधी तुटे. म्हणून प्रयोग फक्त अंतराळवीरांच्या झोपेत. त्यांची झोप जपानच्या घड्याळाने सकाळी साडेसहाला सुरू होई, दुपारी तीनला संपे. तेवढे साडेआठ तास खालून यंत्र चालवायचं. वर सात माणसं भिंतीला बांधलेल्या पिशव्यांत निजलेली आणि खाली ही मंडळी आवाज न करता बसलेली, जणू यांच्या खुर्च्या करकरल्या तर त्यांना जाग येईल. तिचा नवरा अंबरीष म्हणे, ‘तुमचं म्हणजे तान्ह्या बाळाच्या आईसारखं आहे. ते झोपलं की तुम्ही पदर खोचणार.’

बाबांना मात्र हे सगळं फार आवडे. तिचे वडील, चारुदत्त, पुण्याच्या हवामान खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी पहाटे साडेपाचला तापमापकाच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडलं होतं, कारण जगभरचे निरीक्षक ग्रिनिचच्या शून्य वाजता एकदमच आपापली पेटी उघडतात आणि ग्रिनिचचे शून्य म्हणजे आपले साडेपाच. ती चौथीत असताना त्यांनी तिला गोलावर बोट फिरवून हे शिकवलं होतं. ‘बहुतेक जगाला पुरे तास पुरतात,’ ते म्हणाले होते. ‘आपल्याला अर्धा वर लागतो. तो अर्धा कधी विसरायचा नाही.’ त्याच वर्षी तिने त्यांच्यासारखी वही सुरू केली होती. सकाळी गच्चीवरून काय काय दिसतं ते लिहायचं: पर्वती, पाण्याची टाकी, लांबची चिमणी. एका धुक्याच्या सकाळी तिने लिहिलं, ‘आज पर्वती नव्हती.’ ते वाचून बाबा इतके हसले की आई लाटणं हातात घेऊन बाहेर आली. मग त्यांनी ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘दिसली नाही’. ‘ती आहे की नाही हे ठरवणारे आपण कोण? आपल्याला दिसलं की नाही, एवढंच आपण लिहायचं.’

निवृत्तीनंतर त्यांनी पुन्हा वही केली ती तिच्या कामामुळे. अंतराळ स्थानक पुण्यावरून जायचं असलं की ती वेळ आणि दिशा कळवी, ते दहा मिनिटं आधी गच्चीवर जात, आणि परत आल्यावर तारीख, वेळ, आकाश, तेज आणि शेरा असे रकाने भरत. मग तिला दोन शब्द पाठवत. ‘उत्तम दिसलं.’ ‘ढगातून दिसलं.’ कधी, ‘तुझा खांब पाहिला,’ जणू तेलाचा तो सहा सेंटिमीटरचा खांब त्यांना गच्चीवरून दिसला असावा. त्यांच्यामध्ये याहून जास्त बोलणं होत नसे. रविवारी फोन होई, पण तो आईकडे असे, आणि बाबा मागून विचारत, ‘तिकडे तापमान किती?’

त्या बुधवारी सकाळी खांब चांगला उभा राहिला होता. निशिमुरा-सान, जे तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते आणि पाळीवर असताना फक्त गार कोबुचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा काढा, पीत, त्यांनी हळूच मान हलवली. त्यांच्याकडे ही मोठी दाद होती. पडद्यावर तेल फिरत होतं, त्यात मिसळलेले चंदेरी कण एका संथ वळणाने वर जाऊन खाली येत होते. समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, नेहमी असतो, त्यावर स्थानकाची नागमोडी वाट आणि वाटेवर एक लाल ठिपका. नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तो ठिपका पुण्यावरून गेला. तिच्या डोळ्यांपासून तो सहा मीटरवर होता. ती तापमानाचा आकडा पाहत होती. आणखी अर्ध्या तासाने, नऊ अठ्ठावन्नला, तो ठिपका उत्तर पॅसिफिकच्या निळ्यावर होता, जिथे कुणीच नव्हतं. आणि चंदेरी कण एकदम शहारल्यासारखे झाले. वर कुणालातरी जाग आली होती. पाणी प्यायला असेल, लघवीला असेल. कुणीतरी भिंतीला हात लावला. खांबाची कंबर बारीक होऊ लागली. हे नेहमी सावकाश होई, आणि त्यातच त्याची क्रूरता होती. तोडगा शोधायला पुरेल इतका वेळ मिळे आणि तोडगा नसे. आज्ञा पाठवता येत, चकती जवळ आणता येई, पण ती पोचेपर्यंत तेलाने ठरवलेलं असे. ते दोघं हात मांडीवर ठेवून पाहत राहिले. तेल दोन थेंबांत गेलं. निशिमुरा-सान म्हणाले, ‘पुढच्या झोपेत पुन्हा,’ आणि नोंद केली.

बारा वाजता कपाटातून फोन काढला तेव्हा बाबांचा संदेश आलेला होता. ‘दिसलं नाही. आकाश निरभ्र होतं. सातपर्यंत थांबलो.’ तिने उभ्या उभ्या उत्तर दिलं. ‘चष्मा लावला होता का? नव्या डोळ्याला वेळ लागतो.’ डिसेंबरात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिच्या मनात खांब होता, भूक होती, आणि ज्याने आयुष्यभर आकाश पाहिलं त्याला आपण चष्म्याचं विचारतो आहोत हे तिला जाणवलंच नाही. परतीच्या गाडीत, चार वाजता, पुढच्या आठवड्याच्या फेऱ्या पाहाव्यात म्हणून तिने फोनवरचा नकाशा उघडला, पुणं निवडलं, आणि त्या दिवसाची फेरी यादीत अजून होती. पाच अठ्ठावन्न. तिने सहा अठ्ठावीस कळवलं होतं. नेहमी ती इथूनच वेळ काढी. मंगळवारी मात्र हिगाशी-कसाईच्या सुपरमार्केटात रांगेत उभी असताना, लेक अबोली कसल्यातरी चॉकलेटसाठी हात ओढत असताना, तिने पर्समधला कामाचा कागद काढून त्यावरची जपानी वेळ घेतली होती आणि तीन वजा केले होते. साडेतीन करायचे होते. तिला हसू आलं, लाज वाटली, आणि ती टाइप करू लागली. ‘बाबा, गंमत झाली.’ तेवढ्यात त्यांचाच संदेश वर आला. ‘लावला होता. उद्या डॉक्टरांना दाखवून येतो. तुझं काम चालू दे.’ तिने आपली ओळ पुसली. अर्धा तास गिळल्याचं हवामान खात्यातल्या माणसाला लिहून कसं कळवायचं, रविवारी बोलताना सांगू, हसतील. आणि डोळा एकदा दाखवायचाच आहे, दाखवू देत. एवढा सगळा विचार तिने केला होता. मग तिने वर केलेला अंगठा पाठवला. त्या पिवळ्या अंगठ्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. त्यांनी तो पाहिला होता.

गुरुवारी ते गेले. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून नर्सने डोळ्यांत थेंब घातले होते आणि सांगितलं होतं, आजोबा, डोळे मिटून शांत बसा, अर्धा तास उघडायचे नाहीत. आई शेजारी होती. ‘मला वाटलं, ऐकताहेत तिचं,’ आई सगळ्यांना सांगे. प्रत्येक येणाऱ्याला त्याच शब्दांत सांगे. ‘मी आपली पिशवीतून संत्रं काढून सोलत होते. म्हटलं, डोळे उघडले की देईन.’ नर्स दुसऱ्यांदा थेंब घालायला आली तेव्हा कळलं. कौमुदी दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात पोचली. दाराशी चपला होत्या, आत बायका होत्या, आणि आई सांगत होती, ‘शेवटचे दोन दिवस डोळ्याचंच घेऊन बसले होते. ऑपरेशन फसलं म्हणायचे. एरवी कशाला घाबरणारा माणूस नव्हे तो. मला म्हणाले, सुलेखा, आकाशातलं दिसेनासं झालं तर मी काय करू?’ हे वाक्य कौमुदीने दारात ऐकलं, हातात बॅगेचा दांडा तसाच. तेव्हा सांगता आलं असतं. पण समोर कुणी मावशी तिला मिठीत घ्यायला उठली, आणि मग पाणी, मग अनिश, तिचा धाकटा भाऊ, टक्कल केलेला, आणि मग तेरा दिवस. दर दिवशी ते थोडं अधिक अवघड झालं. तेराव्यानंतर जे सांगायचं होतं त्याला चुकीची वेळ हे नाव पुरेसं उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत ती परतली. काम चालू होतं. पुढच्या झोपेत पुन्हा, त्याच्या पुढच्या झोपेत पुन्हा, खांब उभे राहत, तुटत. ती भिंतीवरच्या नकाशाकडे पाठ येईल अशा बेताने खुर्ची लावू लागली. निशिमुरा-साननी एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्चीही तशीच फिरवली. घरी अंबरीष बँकेतून साडेनऊला येई, ताट वाढून घेई, आणि ती बोलेल म्हणून जरा जास्त वेळ बसून राही. एकदा त्याने विचारलं, ‘तुला रडू का येत नाही गं?’ आरोप म्हणून नव्हे. ती म्हणाली, ‘येईल.’ तिने पुस्तकं वाचली, बापांच्या मरणावर मुलींनी लिहिलेली दोन-तीन चांगली पुस्तकं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, या बायका शोक करू शकतात कारण यांच्याकडे लपवायला काही नाही. अर्धा तास. गच्चीवर पाऊण तास उभा असलेला शहात्तर वर्षांचा माणूस, कानाला मफलर, मान वर. आधी वाट पाहणारा, मग नजर ताणणारा, मग एकेक डोळा झाकून तपासणारा. ते नक्की तसं करत असणार. आधी डावा झाकून, मग उजवा. रिकाम्या, स्वच्छ आकाशात जे तिथे नव्हतं ते न दिसल्याबद्दल त्यांनी स्वतःच्या डोळ्याला दोषी धरलं. मुलीच्या आकड्यावर शंका त्यांच्या मनाला शिवलीही नाही. शिवली असती तर ते सहज बोटांवर मोजून म्हणाले असते, अगं, अर्धा विसरलीस.

मे महिन्यात आई तीन महिन्यांसाठी आली. हिगाशी-कसाईतल्या त्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींत आईला आठवड्याभरात चार मराठी बायका भेटल्या, एक भजनी मंडळ भेटलं, आणि कचऱ्याचे वार तर तिला कौमुदीपेक्षा लवकर पाठ झाले. सोमवार-गुरुवार जळणारा, शुक्रवारी बाटल्या, न जळणारा महिन्यातून दोनदा. एका सकाळी आईने आपल्या बॅगेच्या कप्प्यातून काळा चष्मा काढला, ऑपरेशननंतर देतात तो, बाजूंनीही झाकलेला, आणि जळणाऱ्याच्या पिशवीशी थबकली. नऊ वर्षांची अबोली बूट घालत होती. ती मान न वळवता म्हणाली, ‘आज्जी, सोरे मोएनाइ गोमी दा यो.’

‘न जळणाऱ्यात टाकायचा म्हणतेय,’ कौमुदीने सांगितलं.

‘कळलं मला. एवढं जपानी येतं आता,’ आई म्हणाली. तिने चष्मा पदराने पुसला. ‘मग राहू दे. न जळणाऱ्याचा वार अजून लांब आहे.’ आणि तो परत कप्प्यात गेला. कौमुदीने पाहिलं, त्याच कप्प्यात बाबांची वहीही होती.

त्याच आठवड्यात तोझाई लाइनच्या गाडीत, घरी येताना, ती जागा नसल्याने दाराशी उभी होती. मिनामी-सुनामाचीच्या अलीकडे गाडीने ब्रेक लावला आणि तिचा अंगठा फोनवर घसरला. अनिशने पाठवलेली लिंक होती, सकाळपासून न उघडलेली. ती उघडली. डोळ्यांच्या दवाखान्याच्या पानावर त्याने लिहिलं होतं: ‘एक तारा देणंही जिवावर येतं. ऑपरेशनच्या महिनाभरात माझ्या वडिलांना दिसेनासं झालं. तक्रार घेऊन गेले तर नुसते थेंब घालून बसवून ठेवलं. त्या धक्क्याने ते गेले.’ खाली बेचाळीस जणांना ते उपयुक्त वाटलं होतं. त्याच्याखाली डॉक्टर कादंबरींचं उत्तर होतं. बाबा ज्यांना ‘आमची छोटी डॉक्टर’ म्हणत, कारण ती तिशीतली होती आणि पायाखाली पाट घेऊन ऑपरेशन करी. ‘काकांच्या जाण्याचं आम्हा सर्वांना फार दुःख आहे. ऑपरेशननंतरच्या तपासणीत त्यांची दृष्टी उत्तम होती. त्यानंतर काय झालं ते मला कळलं नाही. मी रोज विचार करते.’ गाडी बोगद्यातून बाहेर आली आणि आराकावा नदीच्या पुलावर चढली, डब्यात एकदम संध्याकाळचा उजेड शिरला. कौमुदीने ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. पुण्यात कुणीतरी एक बाई रोज विचार करते आहे, आणि तिला हवं ते उत्तर इथे, एका फोनमध्ये, एका पिवळ्या अंगठ्याच्या वर आहे. निशी-कसाई आलं, गेलं. कसाई आलं. ती उतरायची विसरली. उरायासूला उतरून उलटी गाडी घेतली.

रात्रीच्या जेवणाआधी अनिशचा फोन आला. ‘ताई, फॉर्म पाठवलाय. मेडिकल कौन्सिलचा. आईची सही लागेल, पत्नी म्हणून. तू फक्त प्रिंट काढ.’

‘एवढी घाई आहे का?’

‘घाई? चार महिने झाले. तिचं दुकान तसंच धो धो चाललंय.’

‘अनिश, तिने नक्की काय केलं असं तुला वाटतं?’

‘वाटायचं काय त्यात? बाबांना दिसत नव्हतं, ताई. मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. सिग्नलला ते पाट्या वाचत होते, मोठ्याने, एकेक. वाचता येतंय का बघत होते. तू तिथे नव्हतीस.’

पाट्या वाचत होते. याचा अर्थ पाट्या वाचता येत होत्या. ‘हो,’ ती म्हणाली. ‘नव्हते.’

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ती कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गेली, यंत्रात दोन नाणी टाकली, आणि चार पानं सरकत बाहेर आली, गरम. ‘उपचारातील हलगर्जीपणाचं स्वरूप’ या रकान्यात अनिशने लिहिलं होतं: ‘रुग्णाला १५ जानेवारी रोजी सकाळी, आकाश निरभ्र असताना, नेहमी सहज दिसणारी वस्तू दिसली नाही.’ बाबांच्या वहीतूनच उतरवलं होतं त्याने. मागच्या माणसाला यंत्र हवं होतं, तो सुमीमासेन, माफ करा, म्हणाला, ती बाजूला झाली आणि भाताच्या ओनिगिरींच्या फडताळासमोर कागद धरून उभी राहिली. फाडता आले असते. यंत्र बिघडलंय म्हणता आलं असतं. आईला काय, सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू. आपण हे पूर्वी केलेलं आहे, असं तिला वाटलं. रविवारी सांगू म्हणून.

घरी आई वही उघडून बसली होती. अबोली शेजारी आडवी पडून आकडे वाचत होती, तिला देवनागरी आकडे येत, अक्षरं अडत. आई म्हणाली, ‘बघ, ही म्हणते आजोबांचं अक्षर कम्प्युटरसारखं आहे.’ कौमुदी मागे उभी राहिली. तिने ही पानं आजवर पाहिली नव्हती. सतरा डिसेंबर: ‘डाव्या डोळ्यावर पट्टी. उजव्याने पाहिलं. मध्यम.’ चार जानेवारी: ‘दोन्ही डोळ्यांनी. अतिशय तेजस्वी. इतकं स्पष्ट पूर्वी कधीच दिसलं नव्हतं. कौमुदीला कळवणे.’ त्यांनी कळवलं होतं, ‘उत्तम दिसलं’ एवढंच. आणि शेवटी, पंधरा जानेवारी: ‘६.२८. आकाश निरभ्र. ६.१५ ते ७.०० गच्चीवर. दिसलं नाही.’ शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने, अगदी बारीक: ‘डोळा?’ त्या पानावर खाली सगळे रकाने आखून ठेवले होते, महिन्याअखेरपर्यंतचे.

‘आणलास का तो कागद?’ आईने विचारलं.

‘आणलाय.’

‘ठेव तिथे. चष्मा सापडला की करते सही.’ मग थोड्या वेळाने, वहीवरून हात फिरवत, ‘तुझं ते इथून दिसतं का गं कधी? मी आपली कधी गेलेच नाही गच्चीवर यांच्याबरोबर. गुडघे. आणि त्यांचा चहा टाकायचा असे.’

कौमुदीने फोनवर नकाशा उघडला. हिगाशी-कसाई निवडलं. वजाबाकी करायची नव्हती, तरी तिने वेळ तीनदा वाचली. आज, सात चौतीस. वायव्येकडून.

आराकावाच्या बंधाऱ्यावर त्या दोघी सव्वासातलाच पोचल्या. आईने बाकावर रुमाल पसरला. पलीकडच्या तीरावर इमारतींत दिवे लागत होते, पुलावरून गाडी गेली, सायकलवरून दोन मुलगे बेसबॉलच्या बॅटी पाठीला लावून गेले. आकाश अजून निळसर होतं, पश्चिमेला पिवळं, कुठे ढग नाही. कौमुदी घड्याळ पाहत होती. अकरा मिनिटं. सहा. ‘यांना थंडी वाजली असेल ना गं त्या दिवशी,’ आई म्हणाली, ‘पाऊण तास. मी खालून दोन हाका मारल्या. म्हणाले, थांब, येईल आता. तिने सांगितलंय म्हणजे येईलच.’

सात चौतीसला ते आलं. वायव्येच्या गच्च्यांवरून, आवाज नाही, लुकलुकणं नाही, एक पांढरा ठिपका सरळ वर चढत आला.

‘ते?’

‘हो.’

‘विमान नाही ना?’

‘विमानाला लाल-हिरवे दिवे असतात. हे बघ, नुसतं पांढरं.’

आईने मान वर केली. तिचा हात बाकावर चाचपत आला आणि कौमुदीच्या मनगटावर थांबला. ‘अगंबाई,’ ती म्हणाली. ‘केवढं लख्ख आहे. यात माणसं आहेत?’

‘सात.’

‘झोपलीत?’

‘नाही. आत्ता जागी आहेत.’

ठिपका डोक्यावर आला. आई वळत वळत त्याला पाहत होती, तोंड थोडं उघडं. ‘माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे,’ ती म्हणाली, ‘आणि मला हे असं समईसारखं दिसतंय. म्हणजे यांना खरंच काही दिसत नव्हतं गं. आणि मी म्हणत होते, तुमचं उगीच काहीतरी.’ तिचा आवाज खाली गेला. ‘अनिशचं बरोबर आहे. चल, घरी जाऊन आधी सही करते.’

ठिपका आग्नेयेकडे उतरू लागला होता. आणखी मिनिटभरात तो पृथ्वीच्या सावलीत शिरेल आणि विझेल, हे तिला माहीत होतं.

‘आई,’ कौमुदी म्हणाली. आवाज आला तो तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. ‘सही करू नकोस.’

‘का?’

‘बाबांना दिसलं नाही, कारण तिथे ते नव्हतंच. पाच अठ्ठावन्नला येऊन गेलं होतं. मी सहा अठ्ठावीस कळवलं. साडेतीन तास वजा करायचे असतात, मी तीन केले.’ आईचा हात मनगटावर होता, तो हलला नाही. ‘आणि मला त्याच दिवशी कळलं होतं. चार वाजता, गाडीत. ते डॉक्टरांकडे जातो म्हणाले, आणि मला माहीत होतं, आणि मी त्यांना नुसता अंगठा पाठवला.’

आई अजून वर पाहत होती, जिथे ते विझलं होतं तिथे.

‘बाबांचे डोळे चांगले होते, आई.’